नक्की कुठे अडलंय? प्रश्न विचारायला शिकणाऱ्यांसाठी

नोकरीच्या पहिल्याच महिन्यातली गोष्ट. ऑफिसातल्या एका वरिष्ठांना मी मेसेज टाकला, "सर, रिपोर्ट होत नाहीये. काय करू?" लगेच उत्तर आलं, "होत नाहीये म्हणजे?" मी लिहिलं, "म्हणजे येतच नाहीये." पुन्हा त्यांचं, "येत नाहीये म्हणजे?" असं चार-पाच वेळा झालं. मग ते उठून माझ्या टेबलापाशी आले, खुर्ची ओढून बसले आणि शांतपणे म्हणाले, "अगं, तू प्रश्न विचारतच नाहीयेस. नुसती कण्हतेयस."

राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण तेव्हापासून कुणालाही काही विचारायच्या आधी मी स्वतःलाच एकदा विचारून घेते: हा प्रश्न आहे की कण्हणं? पुढचं सगळं त्याच सवयीतून जमत गेलेलं आहे. वर्गात, मीटिंगमध्ये किंवा डॉक्टरांसमोर ज्यांची जीभ अडखळते त्यांच्यासाठी हे आहे. पन्नाशी-साठीत काहीतरी नवीन शिकायला घेतलंय आणि सुरुवात कुठून करायची ते उमगत नाही, त्यांच्यासाठीही. पायऱ्या थोड्या पुढेमागे झाल्या तरी चालतील. पहिली मात्र चुकवू नका.

पहिली पायरी: न कळलेली जागा बोटाने दाखवता आली पाहिजे

एक कोरा कागद घ्या आणि पिशवीची किंवा जॅकेटची चेन कशी लागते ते चित्र काढून त्यावर लिहा. चेनकडे बघायचं नाही. पाच मिनिटं पुरे.

बहुतेकांचं असं होतं, की दातांच्या दोन ओळी निघतात, मधे रनर निघतो आणि मग पेन्सिल थांबते. रनर वर नेला की दात अडकतात, ठीक. पण तोच रनर खाली आणला की ते सुटतात कसे? नुसतं हाताने ओढून तर सुटत नाहीत.

आता खरी चेन हातात घ्या आणि रनरच्या आत डोकावा. वरच्या टोकाला दोन वाटा, त्यांच्या मधे एक पाचर, आणि खालच्या टोकाला दोन्ही वाटा मिळून एकच. प्रत्येक दाताला एका अंगाला टेंगूळ आणि दुसऱ्या अंगाला खळगा. रनर वर जातो तेव्हा दोन्हीकडचे दात तिरके होऊन अरुंद वाटेत शिरतात आणि एकाचं टेंगूळ पलीकडच्याच्या खळग्यात बसतं. रनर खाली येतो तेव्हा पाचर मधे घुसते आणि एकेक दात फाकवत जाते. चेन आडवी ओढली तर सगळे दात मिळून जोर धरतात. पाचर त्यांना एकेकटं गाठते, म्हणून ते सुटतात.

रोज हाताखालून जाणारी वस्तू, आणि कागदावर उतरवायला गेलं की ही अवस्था! लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल या मानसशास्त्रज्ञांनी २००२ साली नेमकं हेच दाखवलं. चेन, कुलूप, शिवणयंत्र असल्या गोष्टी आपल्याला किती समजतात याचे लोकांनी आधी स्वतःला गुण दिले. मग त्या कशा चालतात ते सविस्तर लिहायला लावलं आणि पुन्हा गुण विचारले. लोकांनी आपणहून आपले गुण उतरवले. वस्तू ओळखीची असली की ती समजलीच आहे, असं आपण धरून चालतो.

तेव्हा जे काही शिकताय, मग ते गाणं असो, हिशेब असो की मोबाइलवरचे व्यवहार, त्यातली एकच गोष्ट निवडा आणि लहान भावंडाला समजावल्यासारखी कागदावर लिहून काढा. पेन जिथे अडेल तिथे फुली मारा. ती फुली म्हणजे तुमचा पहिला प्रश्न. तो शोधायला बाहेर कुठे जावं लागलं नाही, हेही लक्षात घ्या.

"मला मुळात कुतूहलच वाटत नाही" असं सांगणारेही खूप भेटतात. मला त्यात स्वभावाचा दोष दिसत नाही. कुतूहलाची भूक उपाशीपोटी लागत नाही, दोन घास खाल्ल्यावर लागते. अर्थशास्त्र आणि मानसशास्त्राचे अभ्यासक जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ साली कुतूहलाची जी मांडणी केली तिचाही रोख हाच होता: आपल्याला जे माहीत आहे आणि जे जाणून घ्यावंसं वाटतं, त्यांच्यामधली फट दिसली की माणूस अस्वस्थ होतो. काहीच माहीत नसेल तर फटही दिसत नाही. क्रिकेटचा ओ की ठो माहीत नसलेल्याला तो चेंडू का वळला असा प्रश्न पडणार नाही. म्हणून नव्या विषयात कुतूहलाची वाट बघत बसू नका. आधी थोडं जुजबी वाचा किंवा जाणकाराचं काम तासभर शेजारी बसून बघा. फटी आपोआप दिसायला लागतात.

दुसरी पायरी: वही

मोबाइलमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण मला कागदच बरा वाटतो, कारण मोबाइल उघडला की पाच मिनिटांनी आपण भलतीकडेच असतो.

वहीत तीन गोष्टी लिहायच्या: तारीख, प्रश्न, आणि आत्ता या क्षणी मला काय वाटतं याचा अंदाज. तिसरी गोष्ट सगळेच टाळतात. अंदाज चुकला तर लाज वाटेल म्हणून टाळतात, आणि वही दुसरं कुणी बघणार नसतं तरी टाळतात! पण अंदाज लिहिला की उत्तराची ओढ लागते, आणि ही ओढ फार कामाची असते. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न दाखवले. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या काही सेकंदांत पडद्यावर एका अनोळखी माणसाचा चेहरा दाखवला. ज्या प्रश्नाचं उत्तर कळायची उत्सुकता जास्त होती, त्याचं उत्तर तर नीट लक्षात राहिलंच, पण मधे दिसलेला तो असंबद्ध चेहराही जास्त चांगला लक्षात राहिला. मनात प्रश्न आला की त्याच सेकंदाला आपण सर्चवर बोट ठेवतो, तेव्हा हा मधला काळच खाऊन टाकतो. संध्याकाळपर्यंत थांबून बघा.

वहीच्या मागच्या पानांवर आणखी एक यादी ठेवा: माझ्या समजुतीला न जुमानणाऱ्या गोष्टी. ही युक्ती चार्ल्स डार्विनची. आपल्या निष्कर्षांच्या विरुद्ध जाणारी बाब किंवा विचार समोर आला की तो लगेच, न चुकता टिपून ठेवायचा. अशा गोष्टी सोयीच्या गोष्टींपेक्षा लवकर विसरल्या जातात, असा त्याचा अनुभव होता. हा नियम त्याने आत्मचरित्रातच लिहून ठेवला आहे. डार्विन पुढे परत येणार आहे.

तिसरी पायरी: प्रश्नाला हातपाय द्या

माझ्या त्या रिपोर्टकडे परत येऊ. सर खुर्चीवर बसल्यावर त्यांनी मला मेसेज पुन्हा लिहायला लावला. तो शेवटी असा झाला: "सर, मार्चचा रिपोर्ट काढतेय. फेब्रुवारीचा व्यवस्थित निघाला. मार्चच्या रिपोर्टमध्ये शेवटचे दोन रकाने कोरे येतात. तारखा बदलून पाहिल्या, दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाहिलं, तेच होतंय. मार्चपासून ही माहिती दुसरीकडे भरतात का?"

लिहिता लिहिताच मला कळलं, की दोन रकाने कोरे येणं आणि रिपोर्टच न येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सकाळपासून मी दुसरीच तक्रार सांगत होते. मेसेज पाठवायची वेळच आली नाही. शेवटच्या वाक्यात उत्तर होतं. हे सारखं होतं. नीट लिहायला घेतलेल्या प्रश्नांपैकी कितीतरी पाठवायच्या आधीच सुटतात.

त्या मेसेजमध्ये चार गोष्टी आहेत. मी काय करत होते. काय व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात काय झालं. आणि मी काय काय करून पाहिलं. हा साचा कुठेही चालतो. डॉक्टरांना "गुडघा फार दुखतो हो" म्हणण्यापेक्षा "तीन आठवड्यांपासून उजवा गुडघा जिना उतरताना दुखतो, चढताना दुखत नाही, सकाळी उठल्यावर दहा मिनिटं आखडलेला असतो, शेक देऊन फरक नाही" असं सांगितलं, की त्यांना दहा प्रश्न कमी विचारावे लागतात. मोजक्या मिनिटांच्या भेटीत हा फरक मोठा असतो. जायच्या आधी हे चिठ्ठीवर लिहून न्या. समोर बसल्यावर निम्मं विसरतं, हा सगळ्यांचाच अनुभव.

"कोणताच प्रश्न मूर्ख नसतो" हे वाक्य मला अर्धंच पटतं. न कळणं मूर्खपणाचं नसतं, हे खरं. पण आळशी प्रश्न असतात. पहिल्या पानावर छापलेलं विचारणं हा आळस. समोरच्याच्या वेळेवर आपला अभ्यास करून घेणं हाही आळस. फरक ओळखायची साधी खूण: विचारायच्या आधी मी दहा मिनिटं झटापट केली का? केली असेल तर बिनधास्त विचारा, प्रश्न कितीही बाळबोध असो. आणि दहाच मिनिटं बरं का. तीन दिवस एकट्याने कुढत बसणारेही मी पाहिलेत, आणि त्यांचं नुकसान आळशी लोकांपेक्षा जास्त होतं.

"का" हा शब्द जरा जपून वापरा. निसर्गाला, यंत्राला, पुस्तकाला खुशाल "का" विचारा. माणसाला "असं का केलंस?" विचारलं की तो उत्तर देत नाही, बचाव करतो. "हे करताना काय डोक्यात होतं?" किंवा "हे कसं ठरलं?" असं विचारलं की तोच माणूस मोकळेपणाने सांगतो. घरात मुलांशी बोलताना तर हे फारच लवकर दिसून येतं.

चौथी पायरी: प्रश्नातच उत्तर कोंबू नका

"तुम्हालाही असंच वाटतं ना?" हा प्रश्न नव्हे, मान डोलवायचं आमंत्रण आहे. पण प्रश्नातला एखादा साधा शब्दसुद्धा उत्तर वाकवू शकतो. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली लोकांना मोटारींच्या अपघाताच्या फिती दाखवल्या आणि गाड्यांचा वेग किती होता ते विचारलं. प्रश्न एकच, क्रियापद वेगळं. गाड्या "एकमेकींवर आदळून चेंदामेंदा झाल्या तेव्हा" अशा अर्थाचा शब्द वापरला तर सरासरी उत्तर आलं ताशी ४० मैलांहून थोडं जास्त. गाड्या "एकमेकींना लागल्या तेव्हा" अशा सौम्य शब्दात विचारलं तर ३१.८ मैल.

त्यांचा दुसरा प्रयोग मला जास्त अस्वस्थ करतो. त्यात दुसऱ्या लोकांना फीत दाखवून वेग विचारला आणि आठवड्याभराने त्यांनाच परत बोलावून विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फितीत काच फुटलेली नव्हतीच. जोरदार क्रियापद ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण "हो" म्हणाले, आणि "धडकल्या" असा साधा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी ७. म्हणजे प्रश्नाने फक्त उत्तर बदललं नाही, आठवणही बदलली.

म्हणून भांडण सोडवताना, मुलाची शाळेतली हकीकत ऐकताना, कुणाची तक्रार लिहून घेताना पहिला प्रश्न शक्य तितका रिकामा ठेवा: "काय झालं ते पहिल्यापासून सांग." सांगणारा थांबला की मग बारकाईचे प्रश्न. "त्याने तुला ढकललं का?" हा पहिला प्रश्न झाला, तर खरं काय झालं ते कळायची वाट तुम्हीच बंद केलीत.

पाचवी पायरी: "मी चुकतोय हे कशावरून कळेल?"

घरच्यांवर हा खेळ करून बघा. मनात एक नियम धरा आणि सांगा, की २, ४, ६ हे तीन आकडे या नियमात बसतात. समोरच्याने आणखी तिकड्या सुचवायच्या, तुम्ही फक्त बसते किंवा बसत नाही एवढं सांगायचं. खात्री झाली की त्याने नियम सांगायचा. बहुतेक जण विचारतात ८, १०, १२. बसते. २०, २२, २४. बसते. "दोन-दोनने वाढणारे सम आकडे!" चूक. नियम इतकाच असतो, की आकडे चढत्या क्रमाने हवेत. १, २, ३ बसलं असतं. ५, १७, १०० बसलं असतं. कुणी विचारलंच नाही.

मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६० साली हा प्रयोग केला. आपल्या समजुतीला "हो" म्हणणारेच प्रश्न माणूस विचारत राहतो आणि प्रत्येक "हो"गणिक त्याची खात्री वाढत जाते. त्यावर उतारा म्हणजे एक तरी प्रश्न असा विचारायचा, ज्याचं उत्तर "नाही" येईल असं तुम्हाला वाटतं. नवीन औषध, नवीन गुंतवणूक, नवीन माणूस, सगळ्याच बाबतीत. "याचे फायदे काय?" विचारून झालं की "हे कुणाला मानवलं नाही?" हेही विचारा.

कधीकधी खोट प्रश्नातच असते. माझ्या वहीत एक प्रश्न तीन वर्षं पुढच्या वहीत उतरत राहिला होता: आरशात डावं-उजवं उलटं होतं, मग वर-खाली का होत नाही? शेवटी एकदा आरशासमोर उभी राहिले आणि बोट उजवीकडच्या खिडकीकडे केलं. आरशातलं बोटही त्याच खिडकीकडे. छताकडे केलं, तेही छताकडे. मग बोट सरळ आरशाकडे रोखलं, आणि आरशातलं बोट माझ्याकडे आलं! आरसा डावं-उजवं उलटतच नाही, तो पुढचं-मागचं उलटतो. डावं-उजवं उलटलंय असं वाटतं, कारण समोरची बाई वळून माझ्याकडे तोंड करून उभी आहे, अशी मी कल्पना करत होते. एखादा प्रश्न फार दिवस हटून बसला असेल, तर त्यात तुम्ही न तपासता काय गृहीत धरलंय ते आधी बघा.

सहावी पायरी: विचारून झाल्यावर गप्प बसा

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात अवघड. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ बाईंनी वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी साधारण एकच सेकंद थांबतात, असं दिसलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबायची सवय लावली तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागली आणि मुलांचे स्वतःचे प्रश्नही वाढले. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. समोर माणूस बसलेला असताना मनात एक-दोन-तीन मोजून बघा, घाम फुटतो.

सातवी पायरी: दुसरा प्रश्न

पहिला प्रश्न घरून तयार करून नेता येतो. दुसरा नेता येत नाही, कारण तो पहिल्याच्या उत्तरातून निघतो, आणि त्यासाठी उत्तर खरंच ऐकावं लागतं. नवख्या माणसाची यादी हातात असते आणि तो यादीतल्या पुढच्या प्रश्नाकडे पळतो. उत्तरातला एक शब्द पकडा आणि त्याबद्दल विचारा. "तुम्ही आत्ता 'सहसा' म्हणालात. मग कधी होत नाही?" सुरुवातीला एवढंच हत्यार पुरतं. जाणकार माणूस 'सहसा', 'शक्यतो', 'तसं बघायला गेलं' असे शब्द उगाच वापरत नाही. त्या शब्दाच्या मागे त्याचा वीस वर्षांचा अनुभव असतो.

टोयोटाच्या कारखान्यातली "पाच वेळा का" ही पद्धत तुम्ही ऐकली असेल. टोयोटाचे अभियंते ताइइची ओनो तिचं उदाहरण असं देत: यंत्र का थांबलं? जादा भार पडून फ्यूज उडाला. भार का पडला? बेअरिंगला वंगण पुरेसं नव्हतं. का? वंगणाचा पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला होता. का झिजला? गाळणी बसवलेली नव्हती, म्हणून धातूचा कीस आत गेला. पहिल्याच उत्तरावर थांबलं असतं तर नवा फ्यूज घालून लोक घरी गेले असते, आणि काही दिवसांनी यंत्र पुन्हा थांबलं असतं.

पाच या आकड्यात काही जादू नाही. मात्र ही साखळी माणसांवर लावली की ती हटकून "कारण अमुकने लक्ष दिलं नाही" इथे येऊन थांबते. तिथे थांबू नका. तिथून पुढचा प्रश्न असा: एकाचं लक्ष नसल्याने सगळं कोसळावं, अशी रचना का होती?

कुणाला विचारायचं?

याबद्दल फार लिहीत नाही. ज्याने ते काम नुकतंच शिकलंय, त्याला आधी विचारा. त्याला आपण कुठे अडखळलो ते अजून आठवत असतं. मुरलेला तज्ज्ञ ते विसरलेला असतो. तज्ज्ञाकडे पहिल्या पायरीतली फुली मारलेला कागद घेऊन जा. वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाला चारचौघांत विचारायचा संकोच वाटत असेल, तर "तुम्ही मघाशी जे सांगितलंत ते मला असं समजलं, बरोबर आहे का?" इथून सुरुवात करा. यात उद्धटपणा येत नाही, आणि आपण चुकीचं समजलो असू तर ते तिथल्या तिथे निघतं. चॅटबॉटला विचारलंत तरी हेच सगळे नियम लागू, आणि एक जादा: तो चुकीचं उत्तरही तितक्याच ऐटीत देतो, तेव्हा महत्त्वाची गोष्ट दुसरीकडे पडताळल्याशिवाय वापरू नका.

चांगला उत्तर देणारा ओळखायचा कसा? प्रश्नोपनिषदात सहा जण पिप्पलाद ऋषींकडे प्रश्न घेऊन जातात. ऋषी त्यांना म्हणतात, आधी वर्षभर इथे राहा, मग हवे ते विचारा; आम्हाला माहीत असेल तर सगळं सांगू. मला त्यातला "माहीत असेल तर" फार आवडतो. ज्याच्या तोंडून तो कधीच निघत नाही, त्याच्या उत्तरांवर मी तरी भरवसा टाकत नाही.

आठवी पायरी: मिळालेलं उत्तर हलवून बघा

१९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन युरोपातून बोटीने परतत होते. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग त्यांना खिळवून ठेवत होता. समुद्र निळा का, याचं उत्तर तेव्हा तयार होतं, आणि ते लॉर्ड रॅलेसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाचं होतं: पाण्यात आकाशाचा निळा रंग परावर्तित होतो. कुणीही मान डोलावून पुढे गेलं असतं. रामन यांनी विचार केला, की हे खरं असेल तर पृष्ठभागावरून येणारं परावर्तन काढून टाकल्यावर निळा रंगही जायला हवा. त्यांच्याकडे निकोल प्रिझम होता. ठरावीक कोनातून आणि त्या प्रिझममधून बघितलं की परावर्तित प्रकाश जवळजवळ नाहीसा होतो. त्यांनी तसं बघितलं. समुद्र निळाच होता, उलट जास्तच खुललेला. म्हणजे रंग पाण्याच्या आतूनच येत होता, पाण्याचे रेणू प्रकाश विखुरत होते. प्रकाश विखुरण्याच्या त्याच अभ्यासातून २८ फेब्रुवारी १९२८ चा रामन परिणाम आणि १९३० चं नोबेल आलं.

तुमच्या-माझ्या हातात प्रिझम नसेल, पण प्रश्नाचा साचा उचलता येतो: "हे उत्तर खरं असेल, तर आणखी काय दिसायला हवं?" कुणी सांगितलं, की तुला रात्री झोप येत नाही ती चहामुळे. मग चहा न घेतलेल्या दिवशी झोप यायला हवी. आठवडाभर वहीत लिहा आणि बघा.

अडचणी

लोक हसतील ही भीती पहिल्या पाच-सहा वेळा असतेच, नंतर ओसरते. त्यासाठी दुसरा उपाय मला माहीत नाही. कुणी खरंच वसकन अंगावर आलं, तर प्रश्न वहीत लिहा आणि माणूस बदला. प्रश्न टाकून देऊ नका. दुसरी अडचण उलट्या टोकाची: चार दिवसांत इतका उत्साह येतो, की जेवताना, प्रवासात, समोरचा दमून आलेला असताना आपण प्रश्नांची सरबत्ती लावतो. "आत्ता विचारू की नंतर?" हाही एक प्रश्नच आहे, आणि तो सगळ्यांच्या आधी विचारायचा असतो.

शेवटची पायरी: वही परत चाळणं

दर सहा महिन्यांनी तासभर काढा आणि वही पहिल्यापासून वाचा. काही प्रश्न आता हास्यास्पद वाटतील, ते खोडा. काहींची उत्तरं मधल्या काळात नकळत मिळालेली असतील, ती लिहा, आणि तेव्हाचा अंदाज किती चुकला होता तेही. उरलेले पुढच्या वहीत उतरवा. एखादा प्रश्न बराच काळ उतरत राहिला म्हणून त्याची लाज बाळगायचं कारण नाही.

गांडुळं माती खालून वर आणतात आणि वरच्या वस्तू हळूहळू गाडल्या जातात, हा विचार डार्विनच्या डोक्यात त्याच्या मामांनी घातला. त्यावर त्याने १८३७ साली एक निबंध वाचला. पण किती वेगाने गाडल्या जातात? डिसेंबर १८४२ मध्ये त्याने घराजवळच्या एका शेतात खडूचे तुकडे पसरले. मग उत्क्रांतीचं ते गाजलेलं पुस्तक झालं, त्यावरचे वाद झाले, आजारपणं झाली. नोव्हेंबर १८७१ मध्ये, २९ वर्षांनी, त्याने तिथे चर खणला. खडूची पांढरी रेघ जमिनीच्या सात इंच खाली सापडली.

तेव्हा तो ६२ वर्षांचा होता, आणि गांडुळांबद्दलचे त्याचे प्रश्न अजून संपलेले नव्हते. त्यांना ऐकू येतं का? घरात कुंड्या आणून त्याने त्यांच्याजवळ शिट्टी वाजवून पाहिली, 'बसून' नावाचं खर्जातलं, फुंकून वाजवायचं वाद्य वाजवून पाहिलं, ओरडून पाहिलं. गांडुळं ढिम्म. मग कुंड्या पियानोवर ठेवल्या आणि खालच्या सप्तकातला एक सूर वाजवला. त्याबरोबर ती सर्रकन बिळात गेली. हवेतला आवाज त्यांना कळत नव्हता, पायाखालची थरथर कळत होती. १८८१ साली आलेल्या त्याच्या शेवटच्या पुस्तकात ही नोंद आहे.